पॅन त्यांचं, मोबाइल आमचा
आयकर ई-फायलिंगबद्दल सांगलीहून खुले पत्र

प्रति,
मा. अध्यक्ष व सदस्य,
केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळ,
नवी दिल्ली

महोदय/महोदया,
सप्रेम नमस्कार.

सांगलीच्या मार्केट यार्डाच्या आसपास, मिरजेत किंवा विट्यात कुठल्याही कर सल्लागाराच्या टेबलावर एक जास्तीचा मोबाइल दिसतो. साधा, बटणांचा, कायम चार्जिंगला लावलेला. त्यावरून कुणी कुणाला फोन करत नाही. त्यावर फक्त ओटीपी येतात. हळदीच्या अडत्याचे, द्राक्षबागायतदाराचे, जिल्हा परिषदेच्या शिक्षकाचे, निवृत्त एसटी वाहकाचे. शेजारी एक लांबट वही असते, तिच्यात चार रकाने: नाव, पॅन, जन्मतारीख, पासवर्ड. पासवर्ड बहुतेक एकाच साच्यातले. ई-फायलिंगमुळे करदात्यांची वृत्ती कशी बदलली, हे मंडळाला खरंच जाणून घ्यायचं असेल, तर या मोबाइलकडे आधी बघावं.

हा मोबाइल टेबलावर आला कसा, ते सांगतो. २००६ साली कंपन्यांना ऑनलाइन रिटर्न सक्तीचं झालं, तेव्हा प्रश्न नव्हता. कंपनीकडे ई-मेल होता आणि तो बघणारा माणूसही होता. कर निर्धारण वर्ष (ज्या वर्षी कमावलं त्याच्या पुढचं वर्ष) २०१३-१४ पासून पाच लाखांवर उत्पन्न असलेल्या प्रत्येकाला ही सक्ती लागू झाली आणि २०१९-२० पासून जवळजवळ सगळ्यांना. आयटीआर-१ किंवा ४ हे रिटर्नचे साधे फॉर्म भरणारे ८० वर्षांवरचे ज्येष्ठ तेवढे कागदावर राहिले. तासगाव, कवठेमहांकाळ, आटपाडीच्या करदात्याकडे त्या काळात ई-मेल नव्हता. असलाच तर त्याचा पासवर्ड पुतण्याला माहीत. नोंदणी करायची तर मोबाइल आणि ई-मेल लागणारच, मग सल्लागाराने स्वतःचा टाकला. दोघांचीही सोय झाली. पावती छापून हातात दिली की करदाता म्हणायचा, "झालं का साहेब? बास."

रिटर्न प्रोसेस होताना काही अडलं की ही सोय महाग पडते. कलम १३९(९) खाली 'डिफेक्टिव्ह', म्हणजे सदोष, म्हणून नोटीस आली तर उत्तराला १५ दिवस मिळतात. १४३(१)(ए) खाली रिटर्नच्या आकड्यांत प्रस्तावित फेरबदल कळवला तर ३० दिवस. दोन्ही संदेश नोंदलेल्या मोबाइलवर आणि ई-मेलवर जातात. सल्लागाराने नंबर बदलला असेल, करदात्याने सल्लागार बदलला असेल किंवा सल्लागार वारला असेल, तर तो संदेश कुणीच वाचत नाही. १३९(९)ला उत्तर गेलं नाही की रिटर्न अवैध ठरतं, म्हणजे ते कधी भरलंच नव्हतं असं धरलं जातं. परतावा अडकतो, तोटा पुढे ओढता येत नाही, पुन्हा भरायचं तर २३४एफ खाली पाच हजारांपर्यंत विलंब शुल्क. करदात्याच्या कपाटात मात्र पावती जपून ठेवलेली असते. आपल्या नोंदीत तो चुकार ठरतो, त्याच्या लेखी तो नियमाने चाललेला असतो.

पडताळणीचंही तसंच. १ ऑगस्ट २०२२ पासून रिटर्न भरल्यावर १२० ऐवजी ३० दिवसांत ई-व्हेरिफाय करावं लागतं. उशीर झाला तर व्हेरिफाय केल्याची तारीखच रिटर्न भरल्याची तारीख धरली जाते. आधार ओटीपी हा सगळ्यांत सोपा मार्ग, पण आधारला जोडलेला नंबर बऱ्याचदा पुण्यात हिंजवडीला नोकरी करणाऱ्या मुलाच्या खिशात असतो. मुलगा मीटिंगमध्ये, वडील सल्लागारासमोर, आणि ओटीपी १५ मिनिटांत मुदतबाह्य.

ज्यांना स्वतःचं लॉगिन ताब्यात घ्यायचं आहे, त्यांच्यासाठी मार्ग आहे. लॉगिनच्या पानावर पासवर्ड विसरल्याचा पर्याय निवडायचा, त्यात आधार ओटीपी घ्यायचा, नवा पासवर्ड टाकायचा. मग प्रोफाइलमध्ये जाऊन संपर्काचा मोबाइल आणि ई-मेल बदलायचा. त्या दोन्हींवर वेगवेगळे ओटीपी येतात. नेट बँकिंग असेल तर बँकेच्या साइटवरूनही पोर्टलमध्ये शिरता येतं. आधारचा नंबर जुना असेल आणि नेट बँकिंगही नसेल, तर बहुतेकदा आधी आधार केंद्राच्या रांगेत उभं राहावं लागतं. हळद शिजवणाऱ्या, बेदाणा निवडणाऱ्या बोटांचे ठसे तिथल्या यंत्रावर पहिल्या झटक्यात उमटतीलच असं नाही.

ई-फायलिंगने नुकसानच केलं असं आम्ही म्हणत नाही. विटा, खानापूर, आटपाडीचा गलाई व्यावसायिक केरळपासून पंजाबपर्यंत सोनं-चांदी गाळायला गेलेला आहे. त्याचं पॅन एका राज्यातल्या अधिकाऱ्याकडे, दुकान दुसऱ्या राज्यात, घर विट्यात. पूर्वी एका सुनावणीसाठी दोन दिवसांचा रेल्वे प्रवास ठरलेला असायचा. ऑगस्ट २०२० मध्ये चेहराविरहित कर निर्धारण आल्यापासून तो विट्यात बसून उत्तर अपलोड करतो. पगारदारांचे परतावे पूर्वी वर्ष वर्ष रेंगाळायचे, आता साधं रिटर्न असेल तर काही दिवसांत खात्यात. हे श्रेय मंडळाचंच.

पण पूर्वी गिऱ्हाईक आल्या आल्या विचारायचं, "साहेब, किती दाखवायचं?" आता विचारतं, "किती दिसतंय?"

नोव्हेंबर २०२१ मध्ये वार्षिक माहिती विवरण, म्हणजे एआयएस आलं. बचत खात्यात वर्षाला दहा लाखांवर रोख भरली, दहा लाखांवर ठेव ठेवली, तीस लाखांवरची जमीन घेतली-विकली, शेअर विकले, लाभांश मिळाला, बँकेने व्याज दिलं, सगळं त्यात उमटतं. लपवाछपवी कमी झाली, हे खरं. पण त्यातून नवी समजूत रुजली: एआयएसमध्ये असेल ते उत्पन्न, नसेल ते नाही. सांगली जिल्ह्यात या समजुतीची मोठी झळ पतसंस्थांच्या व्याजाला बसते. छोट्या पतसंस्थेला सभासदाच्या व्याजावर टीडीएस (व्याज देतानाच कापायचा कर) कापावा लागत नाही, म्हणून ते व्याज एआयएसमध्ये बहुधा येत नाही. निवृत्त माणसाची निम्मी शिल्लक तिथे असते. त्याला सांगितलं की हेही व्याज करपात्र आहे, तर तो मोबाइलवर एआयएस उघडून पुढे करतो: "सरकारलाच माहीत नाही, तुम्ही कशाला सांगताय?" त्याला वाटतं, सरकारने हिशोब करून दिलाय आणि आपण फक्त अंगठा द्यायचा आहे. आपल्या प्रणालीने त्याला हेच शिकवलं. एआयएसच्या पहिल्याच पानावर, ठळक मराठीत, 'यात नसलेलं उत्पन्नही दाखवणं तुमची जबाबदारी आहे' एवढं एक वाक्य हवं.

उलट्या बाजूने, एआयएसमध्ये जास्तीचं दिसतं तेव्हा हाच माणूस घाबरतो. दोघा भावांच्या नावची जमीन विकली तर दोघांच्याही एआयएसमध्ये पूर्ण रक्कम लागते असं अनेकदा होतं. प्रतिसादात 'माहिती अंशतः चूक' निवडून आपला वाटा टाकता येतो, आणि तो प्रतिसाद माहिती देणाऱ्या संस्थेकडे खात्रीसाठी जातो. तिथून उत्तर आलं नाही तर मूळ आकडा तसाच राहतो. करदात्याने प्रतिसादाची पावती आणि खरेदीखताची प्रत एकत्र ठेवावी, यापलीकडे आम्हाला सल्ला देता येत नाही.

आता अडत्याकडे येऊ, कारण सांगलीत चुकीच्या फॉर्मचं सगळ्यांत नेहमीचं उदाहरण तोच. राजापुरी हळदीचे सौदे होतात, शेतकऱ्याचा माल अडत्याच्या दुकानी उतरतो, खरेदीदाराला बिल अडत्याच्या नावाने जातं. समजा वर्षाची विक्री चार कोटी आणि अडत तीन टक्के. अडत्याचं उत्पन्न बारा लाखांची अडत, वजा खर्च. पण जीएसटीच्या विवरणातून एआयएसमध्ये उलाढाल चार कोटी येते. घाईत असलेला सल्लागार किंवा सायबर कॅफेवाला आयटीआर-४ उघडतो आणि कलम ४४एडी च्या अंदाजे नफ्याच्या योजनेखाली बारा लाखांवर आठ टक्के नफा धरून मोकळा होतो. कलम ४४एडी(६) स्पष्ट सांगतं की कमिशन, दलाली किंवा एजन्सीच्या धंद्याला ही योजना लागू नाही. अडत्याला आयटीआर-३ भरायला हवं, हिशोबाची वही ठेवायला हवी. पण धंद्याचा कोड घाऊक व्यापाराचा टाकला की फॉर्म मुकाट पुढे जातो. चूक भरताना कळत नाही. दोन वर्षांनी चार कोटींवर प्रश्न येतो तेव्हा कळते.

लेखापरीक्षणाची मर्यादा मोजताना कच्च्या अडत्याची (दुसऱ्याचा माल फक्त अडतीवर विकणाऱ्याची) उलाढाल म्हणजे विक्री की अडत, याचं उत्तर मंडळानेच १७ मार्च १९८६ च्या परिपत्रक ४५२ मध्ये देऊन ठेवलं आहे: कच्च्या अडत्याच्या बाबतीत अडतच धरायची, पक्क्या अडत्याच्या, म्हणजे स्वतः मालक म्हणून व्यवहार करणाऱ्याच्या, बाबतीत विक्री. चाळीस वर्षांपूर्वीच्या कागदाला हा फरक माहीत आहे. पोर्टलला नाही. जीएसटीची उलाढाल आणि रिटर्नमधली उलाढाल यांच्यात तफावत का, हे सांगायला 'इतरांच्या वतीने केलेली विक्री' असा एक रकाना मिळाला तर निम्मे प्रश्न उद्भवणारच नाहीत.

शेती उत्पन्नाचं दुखणं वेगळं. वाळवा तालुक्यातला शिक्षक, ऊस घरचा. आयटीआर-१ मध्ये शेती उत्पन्न पाच हजारांपर्यंतच चालतं. त्यावर गेलं की आयटीआर-२. लोक काय करतात? शेती टाकतच नाहीत. "शेती माफ आहे की, मग दाखवायची कशाला?" माफ आहे, पण दर ठरवताना ती मिळवली जाते. आर्थिक वर्ष २०२४-२५ च्या नव्या करप्रणालीचे दर घेऊ. प्रमाणित वजावटीनंतर पगाराचं उत्पन्न आठ लाख असेल तर कर ३०,००० रुपये. सोबत दोन लाख शेती असेल तर आधी दहा लाखांवरचा कर काढायचा, ५०,०००. मग शेतीचे दोन लाख अधिक तीन लाखांची मूळ करमुक्त मर्यादा, म्हणजे पाच लाखांवरचा कर वजा करायचा, १०,०००. उरले ४०,०००. शेती दाखवल्याने दहा हजार आणि त्यावर चार टक्के उपकर वाढला. हे गणित त्याला कुणी करून दाखवलेलं नसतं. पुढे त्याच उसाच्या पैशातून ईश्वरपुरात (पूर्वीच्या इस्लामपुरात) प्लॉट घेतला की स्रोत विचारला जातो, आणि तेव्हा कारखान्याची बिलं असतात पण मागच्या पाच रिटर्नांत शेती शून्य असते.

जो प्रामाणिकपणे शेती दाखवतो त्याला काय मिळतं? निव्वळ शेती उत्पन्न पाच लाखांवर गेलं की फॉर्म जिल्हा, पिनकोड, क्षेत्र, मालकीची की खंडाची, बागायत की जिरायत, सगळं मागतो. मागायला हरकत नाही. पण क्षेत्र एकरात मागतो, आणि सातबारावर ते हेक्टर-आरमध्ये असतं. १ हेक्टर ६२ आर म्हणजे चार एकर, हेक्टरला २.४७ ने गुणावं लागतं. सातबारा समाईक असेल तर आधी आपला हिस्सा, मग गुणाकार. १.६२ चा आकडा तसाच टाकून 'एकर' म्हणून पाठवलेली रिटर्नं किती असतील, याची कल्पना केलेली बरी. एवढ्याशा जमिनीत एवढी द्राक्षं कशी, असा प्रश्न पुढे आला तर तो त्या गुणाकारातून आलेला असेल.

यापुढचा मुद्दा आमच्याच धंद्यातल्या घाणीचा आहे. रिटर्नला कागद जोडावा लागत नाही, परतावा झटपट येतो, आणि करदाता रिटर्न उघडून बघत नाही. या तिन्हींच्या जोरावर परताव्याची दुकानं चालतात. कारखान्यातल्या कामगाराला, शिक्षकाला सांगितलं जातं: "कापलेला टीडीएस परत आणून देतो, टक्केवारी द्या." मग ८०जीजीसीखाली न दिलेली राजकीय देणगी, न भरलेलं घरभाडं, न काढलेला विमा. पैसे खात्यात आले की माणूस म्हणतो, "चूक असतं तर सरकारनं दिले असते का?" त्याच्या जागी कुणीही असंच म्हणेल. १४ जुलै २०२५ रोजी आपण देशभरात दीडशे ठिकाणी तपासणी केली. त्याआधीच्या चार महिन्यांत सुमारे चाळीस हजार करदात्यांनी रिटर्न सुधारून १,०४५ कोटींचे खोटे दावे मागे घेतल्याचंही आपणच जाहीर केलं. कर निर्धारण वर्ष २०२५-२६ पासून ८०सी आणि ८०डी (आयुर्विमा-बचत आणि आरोग्यविमा) या वजावटींसाठी पॉलिसी क्रमांक मागायला लागलात, तेही योग्यच.

पण शिक्षा कुणाला? अद्ययावत रिटर्न (मुदत संपल्यावर चूक सुधारणारं) भरायचं तर कर आणि व्याजावर पहिल्या बारा महिन्यांत २५ टक्के जादा, पुढे ५०, ६० आणि चौथ्या वर्षी ७०. ते न भरता पकडला गेला आणि चुकीची माहिती दिल्याचं ठरलं, तर कलम २७०ए खाली कराच्या दुप्पट दंड. हे सगळं त्या कामगाराच्या पॅनवर. टक्केवारी घेणाऱ्याचं नाव रिटर्नमध्ये कुठेच नसतं.

'पोर्टल घेत नाही' हे वाक्य आता आमच्याकडे कायद्याच्या कलमासारखं वापरलं जातं. गिऱ्हाईक ते मान्य करतं, आम्हीही करतो. ५ जुलै २०२४ ला युटिलिटी (रिटर्न भरायचं सॉफ्टवेअर) बदलली आणि विशेष दराने कर लागणाऱ्या उत्पन्नावरची, उदाहरणार्थ शेअरच्या नफ्यावरची, ८७ए ची (कमी उत्पन्नवाल्याला करात मिळणारी) सवलत मागण्याची सोयच तिने बंद केली. आधी भरणाऱ्याला मागता आली, नंतर भरणाऱ्याला नाही. प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेलं, आणि करदात्याला दावा करू देईल अशी युटिलिटी करा, असं न्यायालयाला जानेवारी २०२५ मध्ये सांगावं लागलं. सवलत मिळते की नाही हा वाद निराळा. मागू देण्याचा प्रश्न होता. तोवर आमच्याकडच्या शेअरवाल्या पोरांनी एक धडा घेतला होता: लवकर भरणारा फायद्यात. पुढच्या वर्षी त्यांनी लवकर भरायचं ठरवलं, तर आयटीआर-१ आणि ४ च्या युटिलिटी मे अखेर आल्या आणि २ व ३ च्या जुलैत. शेवटच्या दिवसाची गर्दी तर आधीपासूनचीच: ३१ जुलै २०२४ या एका दिवसात देशभरात ६९.९२ लाख रिटर्नं भरली गेली. आणि आमच्याकडे जुलै अखेर म्हणजे आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी बघण्याचे दिवस. २०१९ आणि २०२१ च्या पुरात कागदांच्या फायली कुठल्या मजल्यावर न्यायच्या, हा आमचा पहिला प्रश्न होता.

नावांच्या फरकाबद्दल थोडक्यात. पॅनवर माहेरचं नाव, आधारवर सासरचं, बँकेत नुसती आद्याक्षरं. अशा बाईंचं खातं प्रीव्हॅलिडेट होत नाही, म्हणजे परताव्यासाठी पोर्टलवर ग्राह्य धरलं जात नाही, आणि परतावा परत जातो. क्रम असा ठेवावा: आधार बरोबर असेल तर आधी पॅन दुरुस्ती, मग बँकेत केवायसी, मग पोर्टलवर खातं पुन्हा प्रीव्हॅलिडेट, आणि शेवटी परतावा पुन्हा पाठवण्याची विनंती. क्रम चुकला की चारही पायऱ्या पहिल्यापासून.

आमचं मागणं मोठं नाही. दरवर्षी पहिल्या लॉगिनला 'हा मोबाइल करदात्याचा स्वतःचा आहे का?' असं विचारा. नसेल तर त्याचा दुसरा नंबर सक्तीने घ्या आणि १३९(९) व १४३(१)(ए) चे संदेश दोन्हीकडे पाठवा. सल्लागाराला पासवर्डशिवाय, करदात्याच्या संमतीने आणि मुदतीपुरता प्रवेश मिळू द्या. ई-रिटर्न मध्यस्थाची (इतरांची रिटर्नं भरायला विभागाकडे नोंदलेल्याची) सोय आहे, पण ती छोट्या गावातल्या एकट्या सल्लागाराच्या आवाक्यात आणा. म्हणजे आम्हालाही ती वही फाडता येईल. रिटर्न तयार करणाऱ्याचा पॅन प्रत्येक रिटर्नवर घ्या. आम्ही द्यायला तयार आहोत.

आणि ओटीपीच्या संदेशात आकडे घाला. आज करदाता फोनवर सहा अंक वाचून दाखवतो, कशाला संमती देतोय ते त्याला दिसत नाही. संमती मागणाऱ्या संदेशातच चार ओळी मराठीत आल्या, तर खोटी देणगी टाकणाऱ्याला तो संदेश गिऱ्हाइकाच्या हाती पडू द्यायची धास्ती वाटेल, आणि पतसंस्थेचं व्याज राहिलंय हे निवृत्त शिक्षकाला तिथल्या तिथे कळेल. नमुना सोबत देतो, शब्द आपण बदला:

"तुमच्या नावाने भरले जाणारे आयकर रिटर्न, कर निर्धारण वर्ष २०२५-२६. पगार ७,८५,०००. व्याज १२,४००. शेती ०. देणगीची वजावट ९०,०००. परतावा १८,७२०. हे सगळं बरोबर असेल तरच पुढचा ओटीपी सांगा."

आपले,
सांगली, मिरज, तासगाव आणि विटा इथे करदात्यांची विवरणपत्रं भरणारे काही कर सल्लागार